विरजणापासून तुपापर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यान आम्ही दोघांनी वाटून घेतलं होतं, छापताना ते एकत्र केलं आहे.)



या मंडपात आम्ही आजवर कीर्तनं ऐकली, ख्याल-टप्पे ऐकले, नाटकांत छोटी-मोठी कामंही केली. व्याख्यान देण्याची मात्र ही पहिलीच वेळ. आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. एकानं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, दुसरीनं सूक्ष्मजीवशास्त्र. घरात या दोन विषयांचं भांडण नेहमीचंच. जंतू मोठे की रसायनं मोठी? आज तुमच्यासमोर त्या भांडणाचा निकाल लावायचा आहे.

सुरुवात घरातल्याच एका गोष्टीनं करतो. काही वर्षांपूर्वी विसर्जन झालं आणि दोनच दिवसांनी आमच्या नातवाला सडकून ताप भरला. ग्वाल्हेरात या दिवसांत ताप म्हटलं की पहिला संशय डेंग्यूचा. पट्टीवरची रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. मग काय विचारता! कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन आलं, कुणी बकरीचं दूध. पोराचे आईवडील रात्रभर जागे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुसऱ्या पद्धतीची, जास्त खात्रीची तपासणी करवली. त्यात डेंग्यू नाही असं निघालं. साधा विषाणूचा ताप होता, चार दिवसांत उतरला.

हे कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. अशी चूक होण्याची कारणं अनेक असतात. पण त्यांतलं एक कारण आजच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे, आणि ते समजून घ्यायला आपल्याला आधी स्वयंपाकघरात जावं लागेल.

आपल्या आया-आज्या तूप कसं करत? साय साठवायची, विरजण लावायचं. रात्रभरात काम कोण करतं? जंतू. आपण झोपलेले असतो. पण सकाळी उठून कुणी दह्यालाच तूप म्हणत नाही. खरं काम तिथून पुढे. रवीनं घुसळायचं, लोणी वर येईना तर गार पाणी घालायचं. आलेला गोळा दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, कारण ताक आत राहिलं तर लोण्याला वास येतो. मग मंद आचेवर कढवायचं, पाणी उडून जाईपर्यंत. बेरी तळाशी बसली की गाळायचं. त्यात एखादी पायरी चुकली की तूप खवट झालंच म्हणून समजा. आमच्या सासूबाई म्हणायच्या, विरजण कुणीही लावेल, तूप कढवायला माणूस लागतो.

जंतूंच्या मदतीनं औषधं, लसी, अल्कोहोल, आम्लं बनवणारा कुठलाही कारखाना घ्या, त्याचे असेच दोन भाग असतात. पहिला भाग मोठ्या टाक्यांतला, जिथे जंतू वाढतात. त्याला किण्वन म्हणतात. दुसरा भाग त्या टाकीतल्या गढूळ द्रवातून आपल्याला हवा तो पदार्थ बाहेर काढून शुद्ध करण्याचा. पहिल्या भागाचं कौतुक सगळीकडे होतं. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आणि पुष्कळ औषधांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त खर्च होतो तो या दुसऱ्या भागावरच.

पेनिसिलीनची गोष्ट आपण शाळेत शिकलो. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले. पण पुढची बारा वर्षं काय झालं, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. बुरशी पेनिसिलीन बनवत होती, पण ते कुणाला बाहेर काढता येत नव्हतं. त्या रसात ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात असायचं. बाकी सगळं पाणी, साखर, क्षार आणि बुरशीची घाण. शिवाय ते इतकं नाजूक, की आच लागली की संपलं, आम्ल जास्त झालं की संपलं. आपल्या तुपासारखं कढवता येण्याची सोयच नाही.

हा पेच सोडवला तो ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली नावाच्या तरुणानं. त्यानं पेनिसिलीनचा स्वभाव ओळखला. पेनिसिलीन हे सौम्य आम्ल आहे. रस आंबट केला की ते पाण्यात राहायला नाखूश असतं आणि ईथरसारख्या द्रवात पळून जातं. मळ बराचसा पाण्यातच मागे राहतो. मग तो ईथर थोड्याशा अल्कलीच्या पाण्याबरोबर हलवला, की पेनिसिलीन परत पाण्यात येतं, पण आता थोड्या आणि बऱ्याच स्वच्छ पाण्यात. म्हणजे मोठ्या हंड्यातून वाटीत, आणि वाटीत येताना धुऊन. हीटलीनं हे यंत्र जुन्या आंघोळीच्या टबापासून आणि दुधाच्या कॅनपासून जुळवलं. बुरशी वाढवायला रुग्णालयातल्या बेडपॅनसारखी भांडी. युद्धाचे दिवस होते, दुसरं मिळत नव्हतं.

12 फेब्रुवारी 1941 रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते औषध टोचलं गेलं. चेहऱ्यावर पू झालेला, एक डोळा गेलेला. चार दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून पुन्हा टोचलं, तेही संपलं. 15 मार्चला तो वारला. बुरशी बेडपॅनांत वाढतच होती. पण तिच्या रसातून पुरेसं औषध वेळेत बाहेर काढणं त्या दिवशी माणसाला जमलं नाही. वर्गात ही गोष्ट सांगताना आम्हा दोघांचाही आवाज दर वेळी थोडा बसायचा.

पुढे अमेरिकेत खोल टाक्यांत बुरशी वाढवण्याची पद्धत आली, खरबुजावर सापडलेली जास्त जोमाची बुरशी मिळाली, आणि पेनिसिलीन सगळ्या जगाला मिळू लागलं. पण काढण्याची रीत तत्त्वानं हीटलीचीच राहिली.

आता आपल्या मुलखात येऊ. इथल्या पुष्कळ घरांचे नातेवाईक पुणे-पिंपरीला आहेत. जुन्या लोकांना पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना आठवत असेल. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, 1954 साली स्थापन झालेला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती, आणि ज्ञान गुप्त ठेवायचं नाही, इतर देशांनाही खुलं करायचं, अशी त्यामागची अपेक्षा होती. 1955 मध्ये उत्पादन सुरू झालं. स्वतंत्र भारतातला हा पहिला सरकारी औषध कारखाना.

तिथे टाकीतून निघालेला रस कसा पुढे जायचा, ते पायरीपायरीनं पाहा, आणि प्रत्येक वेळी आपली ताक-लोण्याची आठवण ठेवा.

पहिली पायरी गाळण्याची. आपण चक्का फडक्यात बांधून टांगतो, तसंच. पण टांगून ठेवायला वेळ नसतो. म्हणून एक मोठा पिंप संथ फिरत असतो, त्यावर कापड ताणलेलं आणि आतून हवा खेचलेली. रस आत ओढला जातो, बुरशीचा थर कापडावर बसतो आणि पातं तो खरवडून काढतं. बुरशी धाग्याधाग्यांची, म्हणून हे जमतं. जिवाणू असते तर कापड लगेच तुंबलं असतं. त्यांना डेअरीतल्या साय काढण्याच्या यंत्रासारखं गरगर फिरवून वेगळं करावं लागतं.

दुसरी पायरी हीटलीची. रस थंड करायचा, आंबट करायचा आणि लगेच ब्युटाइल किंवा अमाइल अॅसिटेटमध्ये ओढून घ्यायचा. हा केळ्याच्या वासाचा द्रव. इथे घड्याळाशी शर्यत असते, कारण आंबट पाण्यात पेनिसिलीन मिनिटांच्या हिशेबात नासतं. म्हणून दोन्ही द्रव वेगानं फिरणाऱ्या यंत्रात एकमेकांत मिसळून तिथल्या तिथे वेगळे करतात. मग ते परत स्वच्छ पाण्यात आणायचं. रंग राहिला असेल तर कोळशाच्या भुकटीनं तो काढायचा.

शेवटची पायरी स्फटिकांची. त्यात पोटॅशियमचा क्षार मिसळला की पेनिसिलीनचे पांढरे स्फटिक खाली बसतात. खडीसाखर करताना पाहिलं असेल, पाकातला मळ खड्यात फारसा शिरत नाही. स्फटिक होणं हीच एक शुद्धी आहे. ते धुवायचे, वाळवायचे, आणि जंतूविरहित खोलीत कुप्यांत भरायचे.

इथे एक छोटा हिशेब मांडतो. समजा अशा सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीत फक्त 10 टक्के माल गळतो. नव्वद टक्के म्हणजे किती छान, असं वाटतं. पण सहा पायऱ्यांनंतर हाती उरतात 100 पैकी 53. तीच गळती 5 टक्क्यांवर आणली तर उरतात 73. टाकी तीच, बुरशी तीच, वीज तीच, तरी वीस भाग औषध जास्त. कारखाना तरतो की बुडतो, ते अशा ठिकाणी ठरतं.

आणि प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसीन घ्या. आपल्यापैकी किती घरांत आजी-आजोबांच्या पिढीत कुणी ना कुणी क्षयानं गेलं असेल. स्ट्रेप्टोमायसीन पाण्याला इतकं धरून असतं की त्याला ईथर-अॅसिटेटचा मोह पडतच नाही. मग त्याच्यासाठी विद्युतभार धरून ठेवणारे रेझिनचे मणी वापरावे लागले, आपल्या घरी जड पाणी मऊ करण्याच्या यंत्रात असतात तसले. मण्यांनी औषध पकडायचं, पाण्यानं घाण वाहून जाऊ द्यायची, मग आम्लानं औषध सोडवून घ्यायचं.

पिंपरीच्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतून बुरशीनाशक हमायसीन शोधलं. ज्या जंतूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगातल्या शास्त्रग्रंथांत पिंपरीचं नाव असं एका जंतूच्या रूपानं गेलं आहे! अशी औषधं बहुतांशी बाहेरच्या रसात उतरत नाहीत, जंतूच्या अंगातच चिकटून राहतात. तिथे रस फेकायचा आणि गाळ ठेवायचा. पेनिसिलीनच्या बरोबर उलट. सवयीनं गाळ फेकून दिला तर औषधच गेलं.

आता परत आपल्या ग्वाल्हेरात. इथल्या संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनाची, म्हणजे डीआरडीईची इमारत आपण येता-जाता पाहतो. जिवाजीराव महाराजांच्या काळात, 1947 साली, जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून तिची सुरुवात झाली. 1973 पासून ती आजच्या नावानं ओळखली जाते. आत काय चालतं ते बाहेर फारसं कळत नाही. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे डेंग्यूच्या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचा एक तुकडा जिवाणूकडून बनवून घेणं आणि तो शुद्ध करणं. नातवाच्या तापाची गोष्ट इथे येऊन मिळते.

रक्ततपासणीच्या पट्टीवर डेंग्यूचं प्रथिन लावलेलं असतं. आपल्या रक्तात डेंग्यूविरुद्धची प्रतिद्रव्यं असतील तर ती त्याला चिकटतात आणि रेघ उमटते. हे प्रथिन आणायचं कुठून? विषाणू वाढवणं धोक्याचं आणि महाग. म्हणून त्या तुकड्याचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालतात. तोच आपल्या आतड्यात राहणारा. टाकीत तो भराभर वाढतो आणि आपलं काम सोडून डेंग्यूचं प्रथिन बनवत बसतो.

पण ई. कोलायच्या अंगात स्वतःची हजारो प्रथिनं असतात. आणि तो आपल्या पोटात जन्मभर वस्तीला असल्यामुळे तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासून असतात. पट्टीवरच्या प्रथिनात त्याचा थोडा जरी मळ राहिला, तर डेंग्यू नसलेल्याचं रक्तही त्या मळाला चिकटेल आणि रेघ उमटेल. पट्टी खोटं बोलेल. एका घरात रात्रभर दिवा जळत राहील.

म्हणून हा मळ काढण्यासाठी काय काय करतात ते ऐका. आधी जिवाणू गोळा करून फोडायचे. पुष्कळदा नवीन प्रथिन त्यांच्या आत घट्ट गाठी होऊन बसलेलं असतं. ते विरघळवायला तीव्र युरिया लागतो, लिटरमागे 480 ग्रॅम. शेतात टाकतात तोच रेणू, फक्त अतिशुद्ध. मग एक युक्ती. जनुक तयार करतानाच प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांची एक शेपूट जोडून ठेवलेली असते. ही शेपूट निकेल धातूला धरते. निकेल लावलेल्या मण्यांच्या नळीतून सगळं मिश्रण सोडलं की शेपूटवालं प्रथिन अडकतं आणि बाकीचे वाहून जातात. नंतर हलक्या हातानं ते सोडवायचं, युरिया काढून टाकत त्याला मूळ आकारात परत आणायचं, आणि गरज पडली तर आणखी एका नळीतून गाळायचं. टाकीतलं काम एका दिवसाचं असलं, तर हे काम कित्येक दिवसांचं.

आणि हेच प्रथिन लस म्हणून टोचायचं असेल तर आणखी एक परीक्षा. अशा जिवाणूंच्या सालीचा अगदी बारीकसा अंश राहिला तरी माणसाला थंडी वाजून ताप येतो. औषधानंच ताप! त्यामुळे टोचायच्या औषधात तो किती चालेल याची मर्यादा औषधशास्त्रानं फार कडक ठेवली आहे.

आता थोडं कडू बोलतो, सणाच्या दिवशी क्षमा असावी. पिंपरीपासून सुरू झालेली ही विद्या आपल्या देशात चांगली रुजली होती. एके काळी पेनिसिलीन बनवणारे अनेक कारखाने देशात होते. मग चीनहून स्वस्त माल येऊ लागला आणि एकेक टाकी बंद पडली. अमॉक्सिसिलीनची गोळी आपल्याकडे बनत राहिली, पण तिचा कच्चा माल बाहेरचा. 2020 साली जगाची दारं बंद झाली तेव्हा याची जाणीव झाली, आणि सरकारनं असा कच्चा माल देशातच बनवणाऱ्यांना उत्पादनाशी जोडलेलं अनुदान देण्याची योजना आणली. 2024 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलीन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. चांगली गोष्ट आहे. पण बंद पडलेली टाकी पैशानं पुन्हा उभी करता येते, रसाचा रंग आणि फेस पाहून काय बिघडलं ते ओळखणारा माणूस तसा उभा करता येत नाही. तो दहा-वीस वर्षं त्या यंत्राशेजारी घडावा लागतो. आपल्याकडच्या गवयांना हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. घरी लोणी काढल्यावर ताक पितो, बेरीत साखर घालून पोरांना देतो, काही वाया जात नाही. कारखान्यात तसं नाही. उरलेल्या गाळात आणि पाण्यात औषधाचा अंश असतो. तो नीट नष्ट न करता नदीत गेला तर तिथले जंतू त्या औषधाला सरावतात, आणि मग तेच औषध आपल्या नातवंडांना लागू पडत नाही. डॉक्टरांनी लिहून न देता दुकानातून घेतलेल्या चार गोळ्यांनीही हळूहळू तेच होतं. एवढ्या पायऱ्या चढून, एवढी गळती सोसून हाती आलेली वस्तू अशी उधळू नये, एवढीच विनंती.

तर आमच्या घरच्या भांडणाचा निकाल. जंतू मोठे की रसायनं मोठी? दोन्ही नव्हे. जंतू आपलं काम करोडो वर्षं करत आला आहे, आणि रसायनाला आपला स्वभाव आहे तसा आहे. त्या स्वभावाची ओळख करून घेऊन, घाई न करता, हवं ते नको त्यापासून वेगळं करणारा माणूस मोठा. पट्टीवरच्या रेघेवर आपण विश्वास ठेवतो, तो खरं म्हणजे त्या न दिसणाऱ्या माणसावर ठेवतो.

आज इथे जी मुलं-मुली अकरावी-बारावीत आहेत, त्यांच्यापैकी एखाद्यानं जरी संगणक सोडून या वाटेचा विचार केला, तर आमचं व्याख्यान कारणी लागलं. शंका असतील तर घरी या. रसायनशास्त्राच्या शंकांना चहा मिळेल, सूक्ष्मजीवशास्त्राच्या शंकांना ताक.

गणपती बाप्पा मोरया!